चांगलं मीठ

१९ एप्रिल

लॅबच्या वहीत मत लिहायचे नसते. तिथे वजन, तापमान, मोजणी आणि सही. म्हणून ही दुसरी वही घेतली. दमयंती मॅडम म्हणाल्या, व्याख्यानासाठी रोज थोडे लिहीत जा, म्हणजे ऐन वेळी कागदात तोंड घालून वाचणार नाहीस. मॅडम आमच्या लॅबच्या प्रमुख. व्याख्यान अकरा मे रोजी पालघरच्या एका वाचनालयात, उन्हाळी मालिकेत. विषय मीच निवडला: स्टेफनी होरोविट्झ. किरणोत्सर्गाचे रसायनशास्त्र नुकते कुठे सुरू झाले होते त्या काळात व्हिएन्नाच्या रेडियम संस्थेत काम केलेली बाई. मॅडमनी विचारले, तिच्याबद्दल तासभर ऐकण्याइतके कुणाला काही माहीत तरी आहे का? मी म्हटले, नाही, म्हणूनच.

आज आणखी एक काम आले. पालघरचे विनोदशेठ सुकी मासळी घाऊक घेतात. त्यांना एका परदेशी गिऱ्हाइकासाठी अणुकेंद्राशेजारच्या दांडी गावच्या मासळीची किरणोत्सर्गाची तपासणी करून हवी आहे. बोंबील, मांदेली आणि खारा बांगडा. नियम असा, की नमुना बाजारातून, निरनिराळ्या विक्रेत्यांकडून, कशासाठी ते न सांगता घ्यायचा. मेहुल माझ्याबरोबर यायचा होता. तो आमच्याकडे नमुने गोळा करतो. बोईसरचाच, घरी कांदासुद्धा चालत नाही.

बोईसरच्या बाजारात सुक्या मासळीच्या रांगेत माझी आई बसते.

लॅबमध्ये मी सरावलीची आहे. हे खोटे नाही, सरावलीत माझी भाड्याची खोली आहे. माझे गाव दांडी, पण त्याचे नाव कधी निघाले नाही आणि मीही काढले नाही. मेहुलला म्हटले, तू विहिरींच्या पाण्याचे बघ, मासळी मी आणते. त्याने आनंदाने सोडून दिले. संध्याकाळी आईला फोन करून तिन्ही प्रकार बाजूला काढून ठेवायला सांगितले. कुणाला पाहिजे, असे तिने विचारले. ऑफिसला, असे मी सांगितले. ती म्हणाली, "सायबांना?" मी हो म्हटले. तपशील सांगत बसले नाही.

२५ एप्रिल

दांडीच्या फाट्यावर आईकडून मासळी घेतली. गावात गेले असते तर चहा, मग शेजारच्या गोजराबाई, मग लग्नाचा विषय. फाट्यावर स्कूटर बंदही करावी लागत नाही.

तिने बांगडे कोऱ्या पंचात बांधून आणले होते. म्हणाली, "तुज्या हापिसाला द्यायाचा म्हणून निराळा खारवलाय. चांगलं लावलंय. गावच्यावानी नाय." मी सांगितले, वेगळे काही करायची गरज नव्हती, नेहमीचाच हवा होता. तिला ते पटले नाही. नेहमीचे नेहमीच्यांना, असे तिचे म्हणणे. बोंबील आणि मांदेलीला ती मीठ लावतच नाही, ती जशी असते तशीच आहे. बांगड्याला 'निराळा' म्हणजे मीठ जास्त चोळलेला. मीठ म्हणजे सोडियम क्लोराइड. मोजणीला त्याने फरक पडत नाही. मी ठेवून घेतला.

तिचा रक्तदाब अजून वरच आहे. गेल्या महिन्यात डॉक्टरांनी सांगितल्यावरून मी तिला कमी सोडियमच्या मिठाची बरीच पाकिटे आणून दिली होती. विचारले तर संपले म्हणाली. इतक्यात संपेल एवढे मीठ एका माणसाने खाल्ले तर कमी सोडियमचा उपयोग काय? मी तिला तसे म्हटले. जरा चढ्या आवाजात म्हटले असावे. ती पंचाची गाठ पुन्हा घट्ट करत राहिली.

२८ एप्रिल

मासळी भट्टीत घातली. आधी वाळवायची, मग तिची राख करायची, मग राख शिशाच्या जाड कवचातल्या मोजणीयंत्रात ठेवायची. राख होताना जो वास सुटतो तो मजला व्यापून राहतो. मेहुल नाकाला रुमाल लावून म्हणाला, "हिमानी, आज कँटीनला सुट्टी दे, सगळ्यांचं जेवण झालं." सगळे हसले, मीही हसले. खिडक्या उघडल्या. लॉकरमध्ये एक जादा ड्रेस नेहमीच असतो, तो घालून घरी आले.

एक अडचण आहे. पोटॅशियम मुळातच किंचित किरणोत्सर्गी असते. माशात असते, केळ्यात असते, माणसात असते. त्यामुळे एकूण मोजणीतून पोटॅशियमचा वाटा वजा करायचा, उरेल ते बघायचे. पोटॅशियम मोजणाऱ्या यंत्राची नळी तुंबली आहे आणि दुरुस्तीवाला वापीहून कधी येईल ते नक्की नाही. विनोदशेठना घाई आहे. पुस्तकातल्या तक्त्यात माशाच्या पोटॅशियमचा सरासरी आकडा दिलेला असतो. तोच वापरते. बहुतेक जण तोच वापरतात.

संध्याकाळी होरोविट्झवर वाचले. तिने योआखिमस्थाल इथल्या खाणीतून आलेल्या युरेनियमच्या खनिजातून शिसे वेगळे केले. विरघळवायचे, स्फटिक करायचे, पुन्हा विरघळवायचे, पुन्हा स्फटिक. वजन ग्रॅमच्या लाखाव्या भागापर्यंत. नेहमीच्या शिशाचा अणुभार २०७.२ च्या आसपास. तिला आणि तिचे मार्गदर्शक हॉनिगश्मिड यांना मिळाला २०६.७. फरक इतका लहान की कुणीही आपलीच चूक समजून सोडून दिला असता. पण त्यातून सिद्ध झाले, की एकाच मूलद्रव्याचे अणू निरनिराळ्या वजनांचे असू शकतात. 'शिसे म्हणजे शिसे, त्याचा भार तक्त्यात आहे' असे ती म्हणाली असती तर काहीच सापडले नसते. हे वाक्य व्याख्यानात घेणार.

३० एप्रिल

बोंबील आणि मांदेली: वजाबाकीनंतर शून्याच्या जवळ. अपेक्षित.

बांगडा: वजाबाकीनंतरही भरपूर उरते. पुन्हा मोजले. दुसरी राख करून मोजले. तेच.

मॅडमना दाखवले. त्यांनी विचारले पोटॅशियम कसे धरलेस. तक्त्यातून, म्हटले. त्यांना ते आवडले नाही, पण यंत्र बंद असल्याचे त्यांनाही माहीत आहे. मग म्हणाल्या, "नमुना कुठून घेतलास?"

"बाजारातून," मी म्हटले. "तिघींकडून."

इतक्या सहज बोलून गेले, की आवाज माझाच होता का ते नंतर आठवून पाहावे लागले.

मॅडम म्हणाल्या, तात्पुरता अहवाल दे, पण शब्द जपून. मी लिहिले, की खाऱ्या बांगड्यातील बीटा किरणोत्सर्ग अपेक्षित नैसर्गिक पातळीपेक्षा जास्त आढळतो, निष्कर्षासाठी पुढील तपासणी आवश्यक आहे. वाक्यात चूक नाही. कितीही वेळा वाचले तरी चूक नाही.

५ मे

विनोदशेठनी अहवालाचा फोटो कुणाला तरी पाठवला. त्याने पुढे पाठवला. पुढच्या प्रत्येकाने 'पुढील तपासणी आवश्यक' ही ओळ कापली आणि वर आपली एक ओळ घातली. माझ्याकडे आला तेव्हा वर लिहिले होते: दांडीची मासळी खाऊ नका, शेजारी अणुकेंद्र आहे, लहान मुलांना सांभाळा. खाली अहवालाचा तुकडा, त्यात माझी सही. सही अशी आहे की नाव वाचता येत नाही. ते पाहून मला बरे वाटले. हे लिहून ठेवते, कारण बरे वाटले हे खरे आहे.

आईचा फोन आला. गिऱ्हाईक येते, विचारते कुठली, दांडीची म्हटले की टोपलीवरून हात उचलते. जवळच्या गावची एक बाई त्याच रांगेत आपला माल विकून मोकळी झाली. पावसाळ्याची बेगमी लोक याच दिवसांत भरतात. पाऊस लागायच्या आत माल गेला नाही तर ओल धरतो, बुरशी येते, मग खतात घालण्याशिवाय इलाज नाही. वर्षाची कमाई या दोन-तीन आठवड्यांत असते. हे ती मला सांगत नव्हती, मला माहीत आहे. ती एवढेच म्हणाली, "तुज्या हापिसात इचार ना, कुणी असं लिवलंय. तू शिकलेली हाय." मी म्हटले, विचारते.

८ मे

सुट्टी होती, दांडीला गेले. फाट्यावर थांबले नाही, घरापर्यंत गेले. बायका ओट्यावर बसल्या होत्या, मागे वाळवलेल्या मालाचे ढीग ताडपत्रीखाली. रोज उलटायचा, रोज उन्हात घालायचा आणि विकायचा नाही, असे चालले आहे.

गोजराबाई आमच्या शेजारीण, आईपेक्षा मोठ्या, गावातली पहिली बाई जिने बोईसरला बसायला सुरुवात केली. मला बघून म्हणाल्या, "आली गं आमची सायबीन. वत्सला, पाट दे तिला, जमिनीवर नको, कपडा मळंल." मग विचारले, किरण म्हणजे नक्की काय असते, माशाला बाहेरून चिकटते का आत जाते. मी सांगितले. पोटॅशियम, केळे, माणसाचे शरीर, सगळे. त्यांनी नीट ऐकून घेतले आणि म्हणाल्या, "म्हंजे माज्यात पण हाय?" आहे, म्हटले. "मंग मला पण कुनी घ्यायचं नाय." बायका हसल्या. आई हसली नाही. ती म्हणाली, तिच्या ऑफिसात चांगले लोक आहेत, ते शोधून काढतील. आपण मुद्दाम चांगली मासळी पाठवली होती त्यांना, त्यांना चव माहीत आहे.

तिला वाटते आहे, की तो बांगडा साहेबांनी खाल्ला.

तिने जेवायला बसवले. आमटी अळणी होती. मी म्हटले, मीठ कमी आहे. तिने बरणी पुढे केली, जाडे मीठ, मिठागराचे, नेहमीचे. पाकिटातले कुठे गेले, मी विचारले नाही. पुन्हा तोच वाद नको होता. निघताना तिने अकरा तारखेचे विचारले. कुणाकडून तरी कळले होते. "मी येऊ?" मी सांगितले, खुर्च्या कमी असतात.

११ मे

व्याख्यान झाले. खुर्च्या भरपूर रिकाम्या होत्या.

मागच्या रांगेत आई बसली होती, तिची लग्नकार्याची जांभळी साडी नेसून. शेजारी गोजराबाई. मी पहिले वाक्य बोलताना त्यांना पाहिले आणि नंतर तिकडे पाहिले नाही. बोलणे बरे झाले. 'तक्त्यातला आकडा न घेता तिने वजन केले' या वाक्याशी आले तेव्हा थांबून पाणी प्याले. लोकांना वाटले असेल, भावनेने.

शेवट सांगितला. होरोविट्झने पहिल्या महायुद्धानंतर रसायनशास्त्र सोडले. व्हिएन्नात एका मैत्रिणीबरोबर मनाने खचलेल्या मुलांसाठी घर चालवले. पुढे बहिणीकडे वॉर्सात गेली. १९४२ मध्ये ट्रेब्लिंकाच्या छळछावणीत मारली गेली. जिच्या वजनांवर पुस्तकातला एक धडा उभा आहे, ती गेली कशी हेही तिच्या सहकाऱ्यांना नीट माहीत नव्हते.

प्रश्नांमध्ये एका गृहस्थांनी दांडीच्या मासळीचे विचारले. मी म्हटले, तपासणी चालू आहे, त्याआधी बोलणे योग्य नाही. त्यांनी मान डोलावली. मागून खुर्ची सरकल्याचा आवाज आला.

नंतर वाचनालयाच्या कार्यवाह चहा देत होत्या. आई आणि गोजराबाई दाराशी उभ्या होत्या, आत येऊ की नको अशा. कार्यवाहांनी मला हळूच विचारले, "त्या तुमच्या ओळखीच्या आहेत का?"

मी म्हटले, "दांडीच्या आहेत."

वाक्य खरे होते.

त्या दोघींना चहा दिला गेला. मी जवळ गेले तेव्हा गोजराबाई म्हणाल्या, "आमी बोंबील धुतो त्याच्या वरताण तुज्या बाईनं शिसं धुतलं की." आईने विचारले, "तिची आय होती का गं, शेवटी? तिच्या जवळ?" मला माहीत नव्हते. तसे सांगितले. आई म्हणाली, बहीण तरी होती म्हणायची. मग त्या गाडीसाठी गेल्या. मी स्टेशनपर्यंत सोडायला गेले नाही, कार्यवाहांबरोबर हिशेबाच्या कागदावर सही करायची होती. ती सही एका मिनिटात झाली.

१४ मे

दुरुस्तीवाला परवाच आला. यंत्र चालू झाले. सगळ्यात आधी बांगड्याची राख.

पोटॅशियम तक्त्यातल्या आकड्याच्या दुप्पट.

ते वजा केल्यावर काहीही उरत नाही. किरणोत्सर्ग सगळा पोटॅशियमचा, निसर्गातला, निरुपद्रवी. पहिल्यांदा हायसे वाटले. मग प्रश्न आला: माशात दुप्पट पोटॅशियम कुठून? तुलनेला म्हणून मेहुलला बाजारात पाठवून दांडीच्याच तीन बायकांकडून खारा बांगडा आणवला. तो राख करून मोजला. तिन्ही तक्त्याप्रमाणे.

म्हणजे एकच बांगडा वेगळा. निराळा खारवलेला.

कमी सोडियमच्या मिठात सोडियमच्या जागी काय घालतात ते मला शाळेपासून माहीत आहे. पोटॅशियम क्लोराइड. पाकिटाच्या मागे बारीक अक्षरात छापलेलेही असते. 'चांगलं लावलंय', ती म्हणाली होती. डॉक्टरांनी सांगितलेले, दुकानातून आणलेले, महागाचे. स्वतः खाल्ले नाही. माझ्या ऑफिसला द्यायचे म्हणून माशाला लावले.

मी पंचवीस तारखेच्या नोंदीत लिहिले आहे: मीठ म्हणजे सोडियम क्लोराइड. माझेच अक्षर.

१५ मे

मॅडमना पोटॅशियमचे सांगितले, मिठाचे नाही. त्या नाराज झाल्या, पण अहवाल दुरुस्त करायला सोपा आहे म्हणाल्या: यंत्र बंद असल्याने सरासरी आकडा धरला होता, प्रत्यक्ष मोजणीत अतिरिक्त किरणोत्सर्ग आढळला नाही. एवढे पुरे. नमुन्याबद्दल काही लिहायचे कारण नाही. मला तेव्हा मोकळे झाल्यासारखे वाटले. नमुना तसाच झाकलेला राहणार होता.

दुपारी विनोदशेठ आले. दुरुस्त अहवाल वाचून त्यांनी विचारले, पोटॅशियम दुप्पट का? मॅडमनी माझ्याकडे पाहिले. मी म्हटले, मिठातून आले असावे.

विनोदशेठ हसले. "म्हणजे मी म्हणत होतो तेच. इथे एवढे केमिकलचे कारखाने. त्या बायका पोत्याचं स्वस्त मीठ उचलतात कारखान्यातून आणि माशाला चोळतात. किरण नसले तरी विष आहेच ना, मॅडम?"

ते फोन काढून काहीतरी टाइप करू लागले. कुणाला, ते विचारायची गरज नव्हती. गोजराबाईंचे मीठ मिठागराचे असते. सगळ्यांचे असते. मी लहानपणी ते पोते उचलायला हात लावला आहे.

मी म्हटले, "थांबा. ते मीठ माझ्या घरचं आहे."

मग सगळे सांगितले. नमुना बाजारातून घेतला नव्हता. आईकडून घेतला. आई दांडीची, मासळी विकते, बोईसरच्या बाजारात. मीठ तिला रक्तदाबासाठी मी दिले होते. तिने ते ऑफिससाठी वापरले. मी नियम मोडला आणि विचारल्यावर खोटे बोलले. विनोदशेठनी फोन खिशात ठेवला. त्यांना त्यात मजा राहिली नाही, असे वाटले.

ते गेल्यावर मॅडमनी विचारले, "तू बाजारात का गेली नाहीस, हिमानी?" त्यांनी मला नमुन्यांच्या कामातून काढले आहे. पुढचे व्यवस्थापन ठरवेल. खोटे बोललीस ते जास्त वाईट, असे त्या म्हणाल्या आणि त्यात त्यांचे काही चुकले नाही.

मेहुल जिन्यात भेटला. त्याला कळले होते. म्हणाला, "एवढंच होतं? सरावलीत सगळ्यांना माहीत आहे तुझी आई कोण ते. माझ्या खालचे भाडेकरू तिच्याकडूनच बोंबील घेतात. मला वाटलं, तुला सांगायचं नसेल, म्हणून मी पण कधी बोललो नाही." भट्टीच्या दिवशी तो हसला होता तेव्हाही त्याला माहीत होते. मी हसले होते तेव्हाही.

१७ मे

दुरुस्त अहवाल विनोदशेठनी घेतला. आता माल उचलतील, पण भाव पाडून, असे दिसते. फोनवर फिरलेला जुना तुकडा अजून फिरतो आहे. नवा कुणी पुढे पाठवत नाही.

दांडीला गेले. सांगायचे काय ते रस्ताभर ठरवत होते. किरण नाहीत, मोजणीत चूक होती, एवढे सांगितले तरी बायकांचे काम झाले असते आणि आईला काही कळले नसते. पण विनोदशेठ उद्या माल घ्यायला येतील, मिठाची गोष्ट कुणाच्या तरी तोंडून गावात येईलच. आणि तेव्हा ती आईच्या नावावर येईल: वत्सलाच्या मिठाने गावाचा हंगाम बुडवला.

ओट्यावर सगळ्या होत्या. ऊन चढले होते, बांगडे उलटायचे चालले होते. मी उभ्यानेच सांगितले. मासळीत काही नव्हते, कधीच नव्हते. दोष मिठाचाही नाही, ते औषधाचे मीठ होते, मी आणलेले. आईने चांगले म्हणून लावले. दोष असा, की नमुना बाजारातून घ्यायचा होता आणि मी घरून घेतला. बाजारातून घेतला असता तर तुमचा सगळ्यांचा माल केव्हाच गेला असता.

बायका एकमेकींकडे बघू लागल्या. गोजराबाई कमरेवर हात ठेवून उभ्या राहिल्या. "मंग घेतला का नाय बाजारातून? आमी काय तुला वजनात मारलं असतं?"

मी म्हटले, "बाजारात आई बसते. ऑफिसच्या माणसासमोर मला तिच्याकडे जायचं नव्हतं."

एवढे बोलेपर्यंत आईकडे पाहिले नव्हते. आता पाहिले. ती खाली बसली होती, हातात बांगडा. तिने तो उलटून ठेवला. शेजारचा घेतला, तोही उलटला. वाऱ्याने ताडपत्रीचे टोक वाजत होते.

मग ती मान वर न करता म्हणाली, "मीच सांगतलेलं तिला. बाजारात येऊ नको म्हणून. उन्हानं तिचं डोकं उठतं, ल्हानपनापासनं. तुमाला ठावं हाय ना, गोजराबाय."

गोजराबाई माझ्याकडे पाहत राहिल्या. मी याच ओट्यावर उन्हात वाढले. दिवसभर कावळे हाकलायचे काम माझे असायचे, आणि ते मला त्यांनीच दिले होते.

"हां," त्या म्हणाल्या. "उठायचं खरं."

आणि त्या पुन्हा कामाला लागल्या. बाकीच्याही लागल्या.

हे खरे नाही. उन्हाने माझे डोके कधीच दुखलेले नाही. आईने मला बाजारात येऊ नको असे कधी सांगितलेले नाही. उलट, बारावीनंतर मीच जायचे बंद केले आणि तिने का ते विचारले नाही. समोर चुकीचा आकडा आला तर तो दुरुस्त करायचा, एवढे एकच काम मला नीट येते. ते सगळ्यांसमोर करायची ही वेळ होती. मी केले नाही.

आई उठली. टोपलीवर झाकायचा पंचा तिने काढला, झटकला, खवले उडाले. माझ्यापुढे धरला. सगळ्या पाहत होत्या, आणि ते तिला माहीत होते.

"डोक्यावर घे," ती म्हणाली. "ऊन लागंल."

मी घेतला.